निईगाताच्या जंगलात गंजाडची चित्रं

जपान फिरायला येणारा मराठी माणूस कुठे कुठे जाणार हे आता मला पाठ झालंय. तोक्यो, फुजी, क्योतो, हिरोशिमा, आणि एखादा दिवस उरलाच तर नाराची हरणं. आमच्याकडे येणारे पाहुणे हीच यादी घेऊन येतात आणि वर व्हेज रामेन कुठे मिळतं ते विचारतात. तोकामाचीचं नाव आजवर एकानेही घेतलेलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही म्हणा. निईगाता प्रीफेक्चरमधलं ते एक डोंगराळ, बर्फाळ, म्हाताऱ्या माणसांचं गाव, जपान्यांना ते किमोनोच्या कापडासाठी आणि तांदळासाठी माहीत. पण त्या गावाबाहेर ओइके म्हणून एक वस्ती आहे, तिथे जंगलात तळ्याच्या जवळ एक बंद पडलेली प्राथमिक शाळा आहे, आणि त्या शाळेच्या वर्गांमध्ये बिहारची मधुबनी, मध्य प्रदेशातली गोंड आणि आपल्या डहाणूकडची वारली चित्रं लावलेली आहेत. दहावीस नव्हेत, संग्रह हजारांत मोजायचा. मिथिला म्युझियम नाव त्याचं, मिथिला म्हणजे मधुबनीचाच मुलूख, १९८२ पासून चालू आहे.

मला त्याचा पत्ता लागला तो योयोगी पार्कातल्या नमस्ते इंडियात. तोक्योत राहणाऱ्यांना हा मेळा माहीत असतोच, शरद ऋतूच्या तोंडावर भरतो, आपण तिथे जातो ते खरं तर खायलाच. छोले भटुऱ्यांच्या रांगेपासून थोडं लांब, एका तंबूत चित्रं मांडलेली होती आणि त्यातलं एक बघून मी जागच्या जागी थांबले, कारण ते शेणाने सारवलेल्या कापडावर होतं. हल्ली वारली म्हणून जे मिळतं ते चॉकलेटी ॲक्रिलिकवर पांढरं असतं, चहाच्या कपावर, उशीच्या कव्हरवर, एअरपोर्टवरच्या पिशवीवर. हे तसलं नव्हतं. स्टॉलवरच्या बाईंनी मला एक पत्रक दिलं, त्यावर तोकामाचीचा नकाशा होता.

मी डहाणूची. म्हणजे आई डहाणू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती आणि आमचं लहानपण तिच्या बदल्यांमागे फिरत गेलं. कुडाच्या भिंती, त्यांच्यावरचं शेण, लग्नघरातल्या भिंतीवर लिहिलेला चौक, हे मी कुठल्या प्रदर्शनात पाहिलेलं नाही, आईबरोबर पाड्यावर पट वाढवायला जायचे तेव्हा पाहिलंय. त्यामुळे आई इकडे आली तेव्हा क्योतो वगैरे उरकून मी तिला म्हटलं, चल, तुला एक शाळा दाखवते. रिटायर्ड बाईला शाळा दाखवते म्हटलं की ती कुठेही येते.

तोक्योहून जोएत्सु शिन्कान्सेनने एचिगो-युझावापर्यंत सव्वा-दीड तास, मधे डोंगराखालून बावीस किलोमीटरचा बोगदा लागतो, कानात दडे बसतात आणि बाहेर आलं की हवाच वेगळी. तिथून होकुहोकु लाइनची छोटी गाडी. आई शिन्कान्सेनच्या खिडकीला नाक लावून बसली होती. ‘हीच ना गं ती आपल्याकडे येणारी?’ म्हटलं गाडीचं मॉडेल वेगळं, पण घराणं तेच. मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा, त्याला मोठं कर्ज जपानचं, आणि तो जातो पालघर जिल्ह्यातून, बोईसरला स्टेशन. तिथल्या आदिवासी गावांनी किती मोर्चे काढले, ग्रामसभांचे ठराव केले, ते आईला बातम्यांतून कळायची गरज नव्हती, तिच्या वर्गात बसलेल्या पोरांच्या जमिनी त्यात होत्या. ‘गाडी छानच आहे हो,’ ती म्हणाली, ‘पण ती आमच्या पोरांसाठी थांबणारे का?’ मग आम्ही दोघी काही बोललो नाही, बोगदा आला.

मे महिना होता. तोक्योत पंखे लागले होते आणि इथे रस्त्याच्या कडेला, सावलीत, मळकट बर्फ अजून शिल्लक. हिवाळ्यात या भागात दोन-दोन मीटर, कधी त्याहूनही जास्त बर्फ साठतो. खाचरांत नुकतंच पाणी सोडलेलं, डोंगरउतारावर एकाखाली एक खाचरं आणि सगळ्यांत आभाळ. बेडूक ओरडत होते. आई म्हणाली हे तर आपलं आवण्यांचं चित्र, फक्त इकडे माणसं कुठायत? ते खरंच आहे. टॅक्सीवाले आजोबाच सत्तरीच्या पुढचे होते, त्यांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी या रस्त्यावर तीन शाळा होत्या.

शाळेच्या दारात आई चित्रांकडे गेलीच नाही. ती आधी शाळा बघत बसली. वर्ग किती, खिडक्या कुठल्या दिशेला, फळा कुठे असेल. लाकडी जमिनीवर पाय घासून बघितले. मग तिने विचारलं, बंद का झाली. पोरं नाहीत म्हणून, म्हटलं. तर म्हणाली, ‘पट.’ एवढंच. महाराष्ट्रात कमी पटाच्या शाळा बंद करून समूह शाळा काढायच्या वगैरे जे चालू आहे त्यावर ती एरवी अर्धा तास बोलू शकते, तिथे फक्त एक शब्द बोलली आणि पुढे सरकली. या भागात अशा बऱ्याच शाळा आहेत हे मी तिला नंतर सांगितलं. २००० सालापासून दर तीन वर्षांनी इथे एचिगो-त्सुमारी नावाचा मोठा कलामहोत्सव होतो, ७६० चौरस किलोमीटरच्या डोंगराळ भागात, तोक्योचे २३ वॉर्ड एकत्र केले तरी त्याहून मोठा परिसर, आणि त्यात बंद पडलेल्या शाळा, रिकामी घरं यांच्यात चित्रकार-शिल्पकार काम करतात. सानादा गावच्या शाळेत असंच चित्रपुस्तकांचं म्युझियम झालंय. पण मिथिला म्युझियम या सगळ्याच्या आधीचं, जवळजवळ अठरा वर्षं आधीचं. तेव्हा रिकाम्या शाळेत कला ही फॅशन नव्हती.

ज्यांनी हे उभं केलं ते तोकिओ हासेगावा मुळात संगीतातले. १९६९ च्या सुमारास तोक्योत ताजमहाल ट्रॅव्हलर्स म्हणून एक ग्रुप होता, त्यात ते होते. नाव वाचून मला आधी ती ट्रॅव्हल एजन्सीच वाटली, पण हे लोक व्हायोलिन, आवाज, इलेक्ट्रॉनिक खटपट असं काय काय घेऊन तासन्‌तास, न ठरवता वाजवायचे, एकदा तर समुद्रकिनाऱ्यावर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातून व्हॅन चालवत खरोखर ताजमहालापर्यंत गेले होते. अशा माणसाला मिथिलेची चित्रं भेटली आणि त्याने ती जंगलातल्या शाळेत आणून ठेवली, यात मला आश्चर्य वाटत नाही. मोठ्या शहरातल्या म्युझियमने आधी कमिटी नेमली असती, ही कला की हस्तकला यावर तीन परिसंवाद घेतले असते.

आता चित्रांकडे येते, नाहीतर शाळेतच अडकून पडायचे.

एका खोलीत वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेंचं एक चित्र आहे आणि त्याच्यासमोर आम्ही इतका वेळ होतो की तिथल्या बाईंनी आपणहून खुर्ची आणून दिली. लांबून बघितलं तर गाव. जवळ गेलं की ते गाव हलायला लागतं. त्यांची रेघ सरळ अशी नसतेच, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या ब्रशने बारीक बारीक तुटक फटकारे एकामागोमाग एक, म्हणून झाडाचं पान स्थिर राहत नाही, वारा सुटल्यासारखं वाटतं. खाली शेणाचा पोत, त्यात गवताची एक काडी रुतलेली, तिच्यावरूनच पांढरी रेघ गेलेली, काडीच्या उंचवट्यापाशी ती किंचित जाड होते. आई अगदी काचेला चिकटून एकेक नाव घेत होती. हे उखळ. ही दोघी कांडतायत बघ, एकीचं मुसळ वर, एकीचं खाली. हा तारपा वाजवणारा, याच्याकडे पाठ करायची नसते. हे सूप. ही मुंग्यांची रांग, ही नाही विसरायचा तो कधी. ‘तो’ म्हणजे जिव्या. ती त्यांना ओळखत होती अशातला भाग नाही, पण त्या भागात सगळेच त्यांच्याबद्दल असं घरातल्यासारखं बोलतात.

त्यांची गोष्ट तिकडे सगळ्यांना माहीत आहे. १९३४ चा जन्म, आई लहानपणीच गेली, पोराचं बोलणंच थांबलं, धुळीत चित्रं काढून सांगायचा काय हवं ते. मोठा झाल्यावर त्याने जे केलं ते त्याच्या समाजात पुरुषाने करायचं कामच नव्हतं. लग्नाचा चौक लिहायच्या त्या सवासिणी, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणायची, चौकात सुफलतेची पालघट देवी, शेजारच्या देवचौकात पंचशिऱ्या, डोकं नसलेला आणि मानेतून कणसं फुटलेला. चौक लिहून पुरा झाल्याशिवाय लग्न लागत नाही. नवरा-नवरीचा संसार सुरू झाला की त्या भिंतीचं काम संपलं, पुढच्या सारवणात ती गेली. जिव्यांनी लग्न नसतानाही लिहायला सुरुवात केली. रोज. त्यांना हे वेड असल्याशिवाय ते झालं नसतं.

आणि मग येतात भास्कर कुलकर्णी. मला वाटतं मराठी लोकांना हा माणूस जितका माहीत असायला हवा त्याच्या शंभराव्या हिश्शानेही माहीत नाही. मुंबईचा चित्रकार. १९६६-६७ मध्ये बिहारात दुष्काळ पडला तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीला धाडलं, सोबत कागद देऊन. बायका भिंतीवर कोहबर, म्हणजे नवरा-नवरीच्या खोलीतलं लग्नाचं चित्र, लिहितात, तेच कागदावर लिहिलं तर विकता येईल, घरात चार पैसे येतील, असा सरळ हिशोब. कुलकर्णी गावोगाव हिंडले, उंबऱ्यावर बसून बायकांची मनधरणी केली, त्यातूनच गंगादेवी, सीतादेवी अशी नावं जगापुढे आली. हाच माणूस पुढे डहाणूकडे वळला आणि वारली पाड्यांत फिरायला लागला, आणि सत्तरीच्या दशकात जिव्या म्हसेंची चित्रं मुंबईला आली, १९७५ मध्ये केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन झालं. म्हणजे मधुबनी आणि वारली, दोन्ही भिंतीवरून कागदावर उतरल्या त्या एकाच मराठी माणसाच्या पायपिटीतून, आणि आज त्या दोघी शेजारशेजारच्या खोल्यांत नांदतायत त्या निईगातात. म्युझियमच्या कुठल्या भिंतीवर कुलकर्ण्यांचं नाव लिहिलेलं मला दिसलं नाही. आपल्याकडे तरी कुठे दिसतं.

मिथिलेच्या चित्रांना याच्याही आधीचा एक भूकंप आहे. जानेवारी १९३४ मध्ये बिहारात प्रचंड भूकंप झाला, घरं दुभंगली, आणि डब्ल्यू. जी. आर्चर नावाचा तिथला इंग्रज अधिकारी पडझड बघत फिरताना त्याला पडलेल्या घरांच्या आतल्या भिंती दिसल्या, ज्या एरवी घरच्या बायकांशिवाय कोणी बघायचं नाही. त्याने फोटो काढले, १९४९ मध्ये ‘मार्ग’ मासिकात लेख लिहिला. सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २००४ मध्ये, निईगातात चुएत्सुचा भूकंप झाला, तोकामाची चांगलंच हादरलं, म्युझियमलाही फटका बसला. या वेळी चित्रं कागदावर आणि कापडावर होती, म्हणून वाचली.

गंगादेवींची रेघ ही मी आजवर पाहिलेल्या रेघांतली सगळ्यात संयमी रेघ असेल. कायस्थ घरातली बाई, कचनी शैली, म्हणजे रंग भरायचे नाहीत, टाकाने काळ्या-लाल शाईत सगळं रेघांनीच भरायचं. दोन रेघा समांतर, मधे आडव्या बारीक रेघा, केसाच्या जाडीच्या, शेकडो, आणि एकही दुसरीला चिकटलेली नाही. सीतादेवी बरोबर उलट्या, भरनी, भरगच्च रंग, मोठाले डोळे, चित्र खोलीभर ओरडतं. मला गंगादेवी आवडतात. आईला सीतादेवी. तिथेच आमचं थोडं वाजलं.

हे सगळं बघताना एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात यायला लागली, ती म्हणजे चित्रांचा आकार. भारतात आपण या चित्रकारांची जी कामं बघतो ती बहुतेक फ्रेममध्ये मावतील, बसमधून नेता येतील, गिऱ्हाईक विकत घेईल अशा मापाची. इथे चित्रं माणसापेक्षा मोठी. हासेगावांनी चित्रकारांना बोलावून घेतलं, महिनोन्‌महिने इथे राहायला जागा दिली, मोठे कागद, मोठी कापडं दिली, आणि काढा म्हणून सांगितलं. जिव्या इथे राहून गेले. गंगादेवी राहून गेल्या. मणिपूरच्या नीलमणी देवींनी इथे माती मळली, टेराकोटाची मोठाली कामं केली. डहाणूत जिव्यांच्या घरी रोज माणसं, रोज ऑर्डर, रोज कोणाचं तरी लग्न, कोणाचं आजारपण, एक शेतीचा हंगाम गेला की दुसरा. इथे जंगल, तळं, रात्री चंद्र, आणि उद्या परत तेच चित्र पुढे न्यायचं. या म्युझियमचं खरं भांडवल मला वाटतं ते भिंतीवरच्या चित्रांपेक्षा हे आहे. त्यांनी नुसती चित्रं जमवली नाहीत, चित्रकारांना वेळ दिला. मोठमोठ्या सरकारी संग्रहालयांना हे सुचत नाही, सुचलं तर ऑडिटला चालत नाही.

पण वेळ आणि एकांत हे प्रत्येकाला सारखे मानवतात असं नाही, आणि ते न लिहिता या जागेबद्दल लिहिणं खोटं ठरेल.

गोंड चित्रांच्या खोलीत जनगढ सिंह श्याम यांची चित्रं आहेत. पाटणगढचा परधान गोंड मुलगा, भोपाळला भारत भवन हे कलाकेंद्र उभं राहत होतं तेव्हा चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या माणसांनी त्याचं एका घराच्या भिंतीवरचं चित्र बघितलं आणि त्याला भोपाळला आणलं. भारत भवन उघडलं १९८२ ला, योगायोग बघा, हे म्युझियमही त्याच वर्षीचं. मग भोपाळच्या विधान भवनाच्या भिंती, मग १९८९ मध्ये पॅरिसचं मोठं प्रदर्शन. आज आपण ज्याला गोंड पेंटिंग म्हणतो, ते ठिपके, त्या दातेरी रेघा, शिंगांतून फुटलेली झाडं, ती सगळी त्या एका माणसाच्या हातातून सुरू झालीत, जाणकार तिला जनगढ कलमच म्हणतात. जुलै २००१ मध्ये, इथे चित्रं काढायला आलेला असताना, जनगढ यांनी याच ठिकाणी आपलं आयुष्य संपवलं. चाळिशीही गाठली नव्हती. घरी परत जायची ओढ लागली होती असं त्यांच्या जवळच्यांनी तेव्हा सांगितलं. भारतातल्या चित्रकारांनी कडक प्रश्न विचारले, आदिवासी कलावंत परदेशात नेमका कुठल्या अटींवर जातो, त्याला किती पैसे मिळतात, भाषा येत नसलेल्या माणसाशी तिथे बोलतं कोण, त्याला बरं वाटत नसेल तर ते कोणाला कळणार. हे प्रश्न एका म्युझियमपुरते नव्हते आणि आजही जुने झालेले नाहीत.

मी आईला हे आधी सांगितलं नव्हतं. तिथे, जनगढ यांच्या एका हरणाच्या चित्रासमोर सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘आमच्याकडच्या आश्रमशाळेतली पोरं पळून जायची ना घरी, रात्री, जंगलातून चालत, सर म्हणायचे यांना सोयी दिल्या तरी किंमत नाही. अरे, सोय म्हणजे घर नव्हे.’ मी यावर काय बोलणार. मी स्वतः दुसऱ्या देशात राहते, मला पगार आहे, व्हॉट्सॲप आहे, मन उबगलं तर तिकीट काढता येतं. जनगढ यांच्या वेळी फोन म्हणजे एस्टीडी बूथ. याच जंगलात, याच शांततेत एकाच्या हातून आयुष्यातलं मोठं काम झालं आणि दुसऱ्याला ती शांतता सोसली नाही. दोन्ही खरं आहे, मला त्यातलं एक निवडता येत नाही, आणि कोणी मला ‘जपान्यांनी आपली कला जपली’ असं एका वाक्यात सांगायला लागलं किंवा ‘आपल्या लोकांना लुटलं’ असं एका वाक्यात सांगायला लागलं तर मी दोघांनाही आधी त्या खोलीत जाऊन या म्हणेन.

जपण्याबद्दल आपण फार तोऱ्यात बोलावं अशी परिस्थितीही नाही. गंगादेवींनी दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये १९८९-९० च्या सुमारास एक अख्खी कोहबरची खोली रंगवली होती, कॅन्सरचे उपचार चालू असताना. बाई १९९१ मध्ये गेल्या. ती खोली २०१५ च्या सुमारास नूतनीकरणात पाडली गेली, देशाच्या राजधानीत, सरकारी म्युझियममध्ये, आणि पेपरात दोन दिवस आरडाओरडा झाला. कोणी म्हणेल की कोहबर हे मुळात टिकायचं नसतंच, पुढच्या लग्नाला नवं लिहायचं, वारली चौकाचंही तेच. हो, पण पुढच्या लग्नाला नवं लिहिणारी बाई घरात असते म्हणून जुनं पुसता येतं. दिल्लीतल्या त्या भिंतीवर पुन्हा लिहायला गंगादेवी येणार नव्हत्या.

उलट बाजूनेही काही जातं बरं का, ते एकतर्फी नाही. काही वर्षांपूर्वी जपानी लोकांच्या एका गटाने बोधगयेजवळच्या सुजाता गावातल्या शाळेत वॉल आर्ट फेस्टिव्हल भरवला, वर्गांच्या भिंतींवरच चित्रं काढायची असा, आणि नंतर तोच महोत्सव डहाणू तालुक्यातल्या गंजाडला, जिव्यांच्या गावी, आला. आईच्या ओळखीच्या मास्तरांच्या शाळेत जपानी मुली शेण कालवत होत्या, त्याचे फोटो तिच्या फोनमध्ये अजून आहेत. ते तिने म्युझियममधल्या बाईंना दाखवले. बाईंना मराठी येत नाही, आईला जपानी येत नाही, माझं जपानी ऑफिसातलं, त्यात शेण हा शब्द कधी लागलेला नाही, तरी दोघींचं अर्धा तास चाललं होतं.

तांदळाचं राहिलंच. वारलीचं पांढरं म्हणजे तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, मिथिलेत जमिनीवरचं अरिपन काढतात तेही तांदूळ वाटूनच, आणि हे म्युझियम उभं आहे ते जपानातल्या सगळ्यात नावाजलेल्या तांदळाच्या मुलखात, कोशिहिकारीच्या. वारल्यांची धान्यदेवी कणसरी इथे आली तर तिला परकं वाटणार नाही. आम्ही दुपारी गावात भात खाल्ला, नुसता, वर थोडं लोणचं, आणि आईने पहिल्यांदा जपानी जेवणाला नावं ठेवली नाहीत. ‘चिकट आहे पण गोड आहे.’ मग संध्याकाळी गाडीला वेळ होता म्हणून शहरातल्या म्युझियममध्ये जाऊन ती ज्वाळांसारख्या काठाची जोमोन मडकीही बघून घेतली, पाच हजार वर्षांपूर्वीची, १९९९ पासून राष्ट्रीय खजिना. ती भव्य आहेत, फोटोही मी भरपूर काढले, पण खरं सांगायचं तर डोक्यात जागा उरली नव्हती.

मला काळजी वाटते ती या शाळेच्या पुढच्या पंचवीस वर्षांची. हा संग्रह एका माणसाच्या हट्टावर उभा राहिलाय, गावात तरुण माणसं कमी, दर हिवाळ्यात छपरावरचा बर्फ कोणीतरी ढकलायलाच हवा, शेणाच्या कापडाला दमट हवेत बुरशी धरते. जिव्या मे २०१८ मध्ये गेले, त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू चित्रं काढतात, पण वडिलांनी निईगातात काय काय करून ठेवलंय ते डहाणूतल्या नव्या पोरांनी कधी बघितलेलं नाही. पालघरच्या शाळांमधून वारली आता चित्रकलेच्या तासाला शिकवतात, त्रिकोण, त्रिकोण, वर गोल. त्या पोरांना ही चित्रं निदान चांगल्या फोटोंतून, खऱ्या मापात, एका भिंतीवर छापून दाखवायला काय हरकत आहे? त्याला करार लागेल, परवानगी लागेल, दोन सरकारं लागतील असं नाही. बुलेट ट्रेनला लागलेल्या पैशांतला शेवटचा चुरा पुरेल. आईने हे वाक्य ऐकल्या ऐकल्या वहीत लिहून घेतलं, ती कोणाला तरी पत्र लिहिणार आहे, कोणाला ते मला सांगत नाही.

कोणाला जायचं असेल तर, तोकामाची स्टेशनवरून टॅक्सीच करावी लागते, जाताना परतीचीही सांगून ठेवा कारण तिथे रेंजच्या भरवशावर राहू नका. रोख पैसे ठेवा. आधी फोन करून जा, बर्फाच्या दिवसांत तर नक्कीच, आणि फोनवरच विचारून घ्या की सध्या वारली लावलंय का, चित्रं आलटून पालटून लावतात आणि बऱ्याचदा जपानात इतर ठिकाणी प्रदर्शनाला गेलेली असतात. क्योतोतलं एक देऊळ कमी करा. एक देऊळ कमी केल्याने क्योतोला काही फरक पडत नाही.